मालिका बघताना तराजू सरळ कसा धरायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्रीची जेवणं झाली की कोकणातल्या बहुतेक घरांत माजघरातला टीव्ही चालू असतो, आणि सकाळी विहिरीवर, एसटीच्या थांब्यावर, मासळीबाजारात कालच्या भागाची उजळणी होते. हे प्रश्न त्याच्या एक पायरी पुढे गेलेल्यांचे आहेत. वाचनालयाच्या चर्चेत, स्थानिक वृत्तपत्रात, दिवाळी अंकात किंवा स्वतःच्या व्हिडिओत मालिकेबद्दल मत मांडणारे, आणि मांडल्यावर 'तुम्ही एकांगी बोललात' असं ऐकून घेणारे.

निःपक्षपणे बघायचं म्हणजे स्वतःचं मत ठेवायचंच नाही का?

मत हवंच. मत नसलेली समीक्षा म्हणजे मीठ न घातलेलं बांगड्याचं तिखलं. फक्त मताच्या मागे दाखला हवा, आणि तो असा हवा की दुसऱ्याने तोच भाग काढून बघितला तर त्याला तुमचं म्हणणं पडताळता यावं. 'संवाद कृत्रिम आहेत' हे मत झालं. कुठल्या भागातला कुठला संवाद, आणि तिथे माणूस खरं काय बोलला असता, हे सांगितलंत की ती समीक्षा होते.

लिहून झाल्यावर एक सोपी चाचणी करा. प्रत्येक दोषासमोर स्वतःला विचारा: हाच दोष माझ्या आवडत्या मालिकेत असता तर मी लिहिला असता का? उत्तर 'नाही' आलं तर एक तर तो दोष इथून काढा, नाहीतर तिथेही लिहा.

किती भाग बघितल्यावर लिहावं?

शितावरून भाताची परीक्षा होते कारण सगळा भात एकाच चुलीवर, एकाच पाण्यात शिजलेला असतो. रोजच्या मालिकेची चूल रोज नव्याने पेटते. आठवड्याला ६ भाग धरले तर वर्षाला ३१२ भाग होतात, आणि त्यात लेखक, दिग्दर्शक, कधीकधी नटसुद्धा बदललेले असतात.

पहिला आठवडा जवळजवळ नेहमीच सर्वांत नेटका असतो. तो प्रक्षेपणाच्या बराच आधी चित्रित होतो, त्यावर पैसा आणि वेळ दोन्ही जास्त लागलेले असतात. तयार भागांच्या साठ्याला सेटवर 'बँक' म्हणतात. ती बँक महिन्या-दीड महिन्यात आटली की आज चित्रित झालेलं परवा दाखवायची वेळ येते, आणि प्रकाशयोजनेपासून संवादांपर्यंत सगळीकडे घाई दिसायला लागते. म्हणून सुरुवातीचे सलग ६ भाग, महिन्याने पुन्हा सलग ६, आणि एखादा महाएपिसोड एवढं तरी बघा. एका भागाला २२ मिनिटांच्या हिशोबाने यातल्या पहिल्या १२ भागांना साडेचार तासांच्या आत वेळ लागतो. सलग अशासाठी की रोजच्या मालिकेत एक ट्रॅक, म्हणजे कथेतला एक धागा, चार-पाच दिवस चालतो. मधलाच एक भाग उचलला तर 'काहीच घडत नाही' असं वाटणारच.

एवढा वेळ नसेल तर नसो. 'पहिल्या सहा भागांवरून' असं पहिल्याच ओळीत लिहा. प्रोमो आणि मोबाइलवर फिरणारे दीड मिनिटांचे तुकडे मात्र मोजणीत धरू नका. प्रोमो वाहिनीचा विभाग वेगळा कापतो, आणि त्यातली चपराक मूळ भागात कित्येकदा स्वप्नात मारलेली निघते.

बघताना टिपण कसं ठेवायचं?

एकच भाग दोनदा बघा. पहिल्यांदा वही-पेन बाजूला ठेवून, घरच्यांबरोबर, जसा प्रेक्षक बघतो तसा. फक्त तीन गोष्टी लक्षात ठेवा: कुठे गुंतलात, कुठे कंटाळलात, कुठे हसू नको तिथे आलं. दुसऱ्यांदा वाहिनीच्या ॲपवर, एकट्याने, थांबवत थांबवत. वहीच्या पानावर चार रकाने आखा: वेळ, काय दिसलं, काय ऐकू आलं, मला काय वाटलं. शेवटचा रकाना पहिल्या तिघांपासून वेगळा ठेवणं हेच यातलं खरं काम आहे. बहुतेकांच्या वह्यांत 'दिसलं' आणि 'वाटलं' यांची खिचडी झालेली असते.

एक कल्पित प्रसंग घेऊ, कोकणातल्या कुठल्याही घरात शोभेल असा. थोरला भाऊ ओटीवर सातबारा घेऊन बसलाय. धाकटा मुंबईहून येतो, चपला खळ्यात काढतो, पाणी पितो आणि आंब्याच्या बागेतला हिस्सा मागतो. प्रसंग ३ मिनिटं १० सेकंदांचा. आता वहीत बघा: ०:४२ ला पार्श्वसंगीतात जड, खर्जातला सूर सुरू झाला. धाकट्याने हिस्सा मागितला ०:५८ ला. म्हणजे त्याने तोंड उघडण्याआधी १६ सेकंद आपल्याला सांगून झालंय की हा माणूस वाईट आहे. पहिल्यांदा बघताना तुम्हाला धाकट्याचा राग आला असेल तर तो त्याच्या बोलण्याचा होता की संगीताचा?

मग तोच प्रसंग आवाज बंद करून बघा. थोरला बोलता बोलता सातबाऱ्याची घडी घालतोय, उलगडतोय, पुन्हा घालतोय. तिसऱ्या घडीला कागद कोपऱ्यात फाटतो आणि तो अंगठ्याने फाटका कोपरा झाकतो. हे संवादात कुठेच नव्हतं. ते नटाचं किंवा दिग्दर्शकाचं काम आहे, आणि आवाज बंद केला नसता तर दिसलं नसतं.

उलटाही प्रयोग करा: डोळे मिटून फक्त ऐका. माणसं एकमेकांशी बोलतायत की प्रेक्षकाला माहिती देतायत, हे कानाला लगेच कळतं. 'तुला तर माहीतच आहे, बाबा गेल्यानंतर पाच वर्षांपूर्वी आपण ही बाग...' असं सख्खा भाऊ सख्ख्या भावाला सांगत नसतो.

मालिका लांबते, तोच तोच चेहरा तीनदा दाखवतात. दोष कोणाचा? दिग्दर्शकाचा?

खापर फोडण्याआधी डोकं कोणाचं ते बघा. श्रेयनामावलीत कथा, पटकथा आणि संवाद ही तीन वेगळी नावं असतात, आणि बहुतेकदा तीन वेगळी माणसं. काय घडतं ते कथेत, कुठल्या क्रमाने आणि कुठल्या प्रसंगातून घडतं ते पटकथेत, तोंडात कुठले शब्द येतात ते संवादात. 'कथा कंटाळवाणी' असं लिहिणाऱ्या दहांपैकी निम्म्यांना खरं म्हणजे पटकथेबद्दल बोलायचं असतं. भावाभावांच्या वाटणीची कथा कंटाळवाणी नसतेच. कोर्टात अशा कथा तीस तीस वर्षं चालतात आणि सगळं गाव कान देऊन ऐकतं. एकच दार सात प्रसंगांत सातदा वाजलं, तर ती पटकथेची चूक.

लांबण बहुतेक वेळा वरून येते. ट्रॅक चालला तर वाढवायचा, पडला तर आटपायचा, हे वाहिनी आणि निर्माता ठरवतात. अचानक आलेली लीप (कथेने एकदम काही वर्षं पुढे मारलेली उडी), रातोरात बदललेला खलनायक, कोणी 'परदेशी गेलं' म्हणून नाहीसं होणं, यामागे नटाच्या तारखा, करार किंवा आजारपण असू शकतं. एप्रिल २०२१ मध्ये कोविडच्या निर्बंधांमुळे महाराष्ट्रात चित्रीकरण थांबलं तेव्हा बऱ्याच मराठी मालिकांनी गोवा, दमण अशा ठिकाणी मुक्काम हलवला. त्या आठवड्यांत सगळं कुटुंब एकाएकी रिसॉर्टवर का राहायला गेलं, याचं उत्तर कथेत शोधून सापडणार नाही. परिस्थिती माहीत असली म्हणून भाग चांगला ठरत नाही, पण 'लेखकाला अक्कल नाही' हे वाक्य मात्र टळतं.

वेळेचं गणितही लक्षात घ्या. केबल टेलिव्हिजनच्या नियमांप्रमाणे तासाला १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवता येत नाहीत, त्यातली २ वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या. अर्ध्या तासातून ही ६ मिनिटं, शीर्षकगीत, मागच्या भागाची झलक आणि उद्याची झलक वजा केली की हाती जेमतेम २० ते २२ मिनिटं उरतात. त्यातही जाहिरातीच्या प्रत्येक विश्रांतीआधी एक धक्का हवा. चेहरा तीनदा, तीन कोनांतून दिसतो तो बहुधा तिथेच. एकदा घड्याळ लावून मोजा. २२ मिनिटांत नुसत्या प्रतिक्रियांचे चेहरे २ मिनिटांच्या आत असतील तर तक्रारीला जागा नाही. ५ मिनिटांवर गेले तर आकडा लिहा, विशेषण लिहायची गरज पडणार नाही.

टीआरपी जास्त म्हणजे मालिका चांगली, हे धरून चालावं का?

नाही. आणि टीआरपी जास्त म्हणजे मालिका उथळ, हेही धरू नये. सुशिक्षित मंडळींचा हा दुसरा पूर्वग्रह जास्त चिवट असतो.

आकडे बार्क ही संस्था काढते. देशभरातल्या ५०,००० हून अधिक निवडक घरांत मीटर बसवलेले आहेत. वाहिनीच्या ध्वनीत कानाला न कळणारी खूण मिसळलेली असते, ती मीटर ओळखतो, आणि घरातलं कोण बघतंय ते त्या व्यक्तीने बटण दाबून नोंदवायचं असतं. शनिवार ते शुक्रवार असा आठवडा धरून आकडे पुढच्या गुरुवारी येतात. यातून किती जणांनी किती वेळ बघितलं ते कळतं. का बघितलं, आवडलं की शिव्या घालत बघितलं, हे कळत नाही. आधीच्या मालिकेवरून हात न हलवता पुढची बघणारेही त्यात आलेच. टीआरपीचा उपयोग एकाच कामाला करा: एखादा ट्रॅक एकदम का बदलला, याचा अंदाज बांधायला.

वेब सिरीजशी किंवा जुन्या मालिकांशी तुलना केली तर?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, आणि त्यानंतर पुष्कळ वर्षं मराठी मालिका म्हणजे आठवड्यातून एकदा, बहुधा १३ भागांची. आठवड्याला ६ भाग धरले तर आजची रोजची मालिका दोन आठवडे आणि एका दिवसात तेवढे भाग संपवते. १९९९ मध्ये अल्फा मराठी (आताची झी मराठी) आल्यावर हे गणित बदलत गेलं. 'पूर्वीसारखं राहिलं नाही' म्हणणाऱ्याने आधी भाग मोजावेत. शिवाय पूर्वीच्या मालिकांतल्या चांगल्या तेवढ्याच आपल्याला आठवतात. तुलना करायची तर त्याच वेळेच्या, त्याच जातीच्या दुसऱ्या मालिकेशी करा.

मालिकेतली मालवणी खोटी वाटते, हे नेमकं कसं सांगायचं?

'आमची भाषा अशी नाही' एवढ्यावर थांबू नका. तीन जागा तपासा, बहुतेक खोट तिथेच सापडते.

समजा पात्र म्हणतं: 'माका असं वाटतं की तुका सांगायला पाहिजे.' यात मालवणी शब्द दोनच, माका आणि तुका. बाकी वाक्य पुण्याचं. सिंधुदुर्गात माणूस म्हणेल: 'माका असा वाटता, तुका सांगूक होया.' फरक बघा. पहिला, प्रमाण मराठीत जिथे 'असं, झालं, बरं' येतं तिथे मालवणीत 'असा, झाला, बरा'. दुसरा, 'सांगायला, जायला' ऐवजी 'सांगूक, जावक'. तिसरा, वाक्याची बांधणी: मधला 'की' गळतो आणि 'पाहिजे'च्या जागी 'होया' येतं. नट हेल काढून बोलला आणि या तीन जागा चुकल्या तर ती मालवणीची वरून लावलेली फोडणी. हेल थोडा कमी पण या जागा बरोबर, तर ते काम मेहनतीने केलेलं आहे, तसं लिहा.

दुसरी गोष्ट, कोकण म्हणजे सगळीकडे मालवणी असं समीक्षकच धरून चालतात. संगमेश्वरची बोली वेगळी, बाणकोटकडची वेगळी, रायगडात आगरी आणि कोळी, वेंगुर्ला-सावंतवाडीपलीकडे गोव्याच्या कोकणीची सावली. कथा दापोलीत घडते आणि पात्र मालवणच्या हेलात बोलतं, तर तो दोष. कथा दापोलीत घडते आणि पात्र मालवणी बोलत नाही, हा दोष नव्हे.

तडजोडीचीही दखल घ्या. मालिका नागपूर-लातूरलाही समजायची असते, म्हणून 'खंय' (कुठे) चालतं आणि त्याहून अवघड शब्द गाळले जातात. तडजोड सगळ्यांना सारखी लागू असेल तर ती मान्य करावी. खरी मेख पुढे आहे: बोली कोणाच्या तोंडी दिलीय ते मोजा. वाड्यातली मालकीण आणि नायिका शुद्ध प्रमाण मराठीत, गडी, मोलकरीण आणि विनोदी काका तेवढे मालवणीत, असं दिसलं तर कागदावर दोन याद्या करा. ज्या घरात मालकिणीची सासू त्याच गावात जन्मली, तिथे मालकीण अशी बोलणार नाही. बोली फक्त हसण्यासाठी ठेवलीय का, हे त्या दोन याद्या ओरडून सांगतात.

गाव, घर, ऋतू चुकीचे दाखवले तर कितपत मनावर घ्यावं?

चूक आणि सवलत यांत फरक करा. ठाण्यात किंवा गोरेगावात उभारलेल्या सेटवर ओटी जरा मोठी असते, कारण कॅमेरा आणि दिवे मावायला जागा लागते. ही सवलत. त्या ओटीसमोर खळं नाही, तुळस भलत्याच बाजूला, जांभ्या चिऱ्याच्या भिंतीला काळ्या दगडाचा रंग, ही चूक. पाच हजार रुपयांत सुधारता आली असती का, हा आमचा ढोबळ निकष. आली असती तर लिहा.

ऋतूंसाठी एक छोटं वेळापत्रक वहीच्या आतल्या पानावर लिहून ठेवा. भाताची पेरणी मिरगाच्या सुमाराला, लावणी जुलैत, कापणी ऑक्टोबरात. आंब्याला मोहोर साधारण डिसेंबर-जानेवारीत, हापूसचा हंगाम मार्च ते मे. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी. बिगरयांत्रिक होड्यांना ती लागू नाही. म्हणजे जुलैच्या कथेत ट्रॉलर भरून मासळी आली तर चूक, आणि खाडीत एकटा म्हातारा होडीतून जाळं टाकताना दिसला तर नाही. हा दुसरा अर्धा भाग न बघता 'बंदीत मासे कसे?' म्हणून तुटून पडणारे समीक्षकही पुष्कळ.

दिवाळीच्या भागात आंब्याच्या पेट्या भरल्या जात असतील तर ते गंमत म्हणून लिहा, पण त्यावरून सगळी मालिका मोडीत काढू नका. लावणी करणाऱ्या बाईच्या साडीला चिखलाचा ठिपका नाही, हे मात्र जास्त खुपतं. तिथे नुसता तपशील चुकत नाही, कष्टच पुसले जातात.

भुतंखेतं, करणी दाखवून कोकणाची बदनामी करतात. यावर तटस्थ कसं राहायचं?

हा वाद २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली तेव्हा सिंधुदुर्गात जोरात झाला. कोकण म्हणजे भुताटकी असं चित्र जातंय, असा आक्षेप होता. पुढे २०१९ आणि २०२१ मध्ये तिची आणखी दोन पर्वं आली, आणि आकेरीत जिथे चित्रीकरण झालं तो वाडा बघायला पर्यटक येऊ लागले. म्हणजे एकाच मालिकेबद्दल एकाच जिल्ह्यात राग आणि अभिमान दोन्ही नांदले. मधे २०१७ मध्ये 'गाव गाता गजाली' आली, तिथे तीच मालवणी विनोदाला वापरली होती, पण तिच्यावरून 'कोकण म्हणजे विनोदी लोक' अशी तक्रार फारशी झाली नाही. आपल्याला काय खुपतं आणि काय चालतं, याचा हा आरसा समजा.

अशा मालिकेला तीन प्रश्न विचारा. भीती पात्राच्या मनातली आहे की कथा स्वतःच तिला खरी ठरवते? ज्याच्यावर करणीचा संशय घेतला जातो त्या माणसाचं पुढे काय होतं, आणि कथा त्याच्या बाजूने क्षणभर तरी उभी राहते का? आणि विधी बरोबर दाखवलेत का? तिसऱ्यावर कोकणातल्या समीक्षकाने खास लक्ष द्यावं, कारण बाहेरच्याला ते दिसणार नाही. देवळात गाऱ्हाणं घालणं, 'होय महाराजा' म्हणत गावाने साथ देणं, देवाला कौल लावणं, राखणदाराला नारळ देणं, हा गावरहाटीचा भाग आहे, उजेडात, चारचौघांत होणारा. त्याला मध्यरात्रीच्या करणीच्या पंगतीत बसवलं, गाऱ्हाणं घालणाऱ्याच्या डोळ्यांत काजळ आणि मागे धूर सोडला, तर ते भयपटाच्या सवयीने केलेलं चुकीचं चित्रण. श्रद्धा असो वा नसो, ते चुकीचंच.

'बदनामी' हा शब्द मात्र जपून. एका घरातल्या एका दुष्ट माणसाची गोष्ट म्हणजे गावाची बदनामी नव्हे. गावातली सगळीच माणसं एका साच्याची असतील, आणि शहाणपणा सांगणारा नेहमी मुंबई-पुण्याहूनच येत असेल, तेव्हा तो शब्द वापरा.

आवडता नट असला की दोष दिसत नाहीत, नावडता असला की गुण. काय करावं?

दशावताराचं लोकनाट्य बघणाऱ्याला हे शिकवावं लागत नाही. जत्रेत रात्री राणीचं सोंग घेणारा पुरुष सकाळी शेतात दिसतो, हे सगळ्या गावाला माहीत असतं. तरी संकासूर आला की लोक हसतात, राणी रडली की गप्प होतात, आणि दुसऱ्या दिवशी 'तो काल पल्लेदार बोललो, पण युद्धात दमलो' असं त्या त्या जागेबद्दल बोलतात. लेखी संहिता नसते, संवाद रंगमंचावरच जुळतात, त्यामुळे कुठला नट समोरच्याला सांभाळून घेतो आणि कुठला नुसता भाव खातो, हे ओळखायची नजर इथल्या प्रेक्षकाला आधीच असते. तीच टीव्हीसमोर वापरायची.

व्यवहारात असं करा. नटाचा प्रसंग बघताना त्याच्याकडे बघूच नका, समोरच्याकडे बघा. चांगल्या नटासमोर दुसराही चांगला दिसतो. मग स्वतःला विचारा, हाच प्रसंग अनोळखी चेहऱ्याने केला असता तर मला काय वाटलं असतं? आणि भूमिकेचा राग माणसावर काढू नका. खाष्ट सासूचं काम बघून तिचा राग आला, तर काम उत्तम झालं. त्या बाईच्या खासगी फोटोखाली जाऊन शिव्या लिहिणं याला समीक्षेत जागा नाही. दिसणं, वजन, वय, रंग यांवर लिहायचं तर ते भूमिकेशी जोडूनच: पंचवीस वर्षांच्या मुलाची आई तिशीतली दिसते, ही निवडीची चूक, नटीची नव्हे.

नट आमच्याच गावचा आहे. लिहावं का?

लिहा, पण पहिल्या परिच्छेदात सांगा. नात्यातला असेल तर अभिनयावर लिहू नका, बाकीच्या बाजूंवर लिहा. गावकीची भीड फार वाईट. ती स्तुतीही फुगवते आणि 'उगाच डोक्यावर बसवलंय' म्हणत दोषही.

'बायकांच्या मालिका' म्हणून बरेच जण बघायच्या आधीच नाक मुरडतात...

आणि तेच लोक रात्री पाणी प्यायच्या निमित्ताने माजघरात दहा मिनिटं उभे असतात. स्वयंपाकघरातला संघर्ष क्षुल्लक आणि कचेरीतला गंभीर, ही वाटणी आधी मनातून काढा. चाव्यांचा जुडगा कोणाकडे, हा घरातल्या सत्तेचा प्रश्न आहे, राजकीय मालिकेतल्या खुर्चीइतकाच. तपासायचं ते हे: बाईच्या निर्णयाला कारण दिलंय का? ती सोसते तेव्हा कथा तिच्या सोसण्याचं कौतुक करते की त्याची किंमत दाखवते? तिला नवऱ्याशिवाय, सासूशिवाय, मुलांशिवाय एखादा प्रसंग मिळतो का? एका आठवड्याच्या सहा भागांत असे प्रसंग मोजा. शून्य आलं तर शून्य लिहा.

प्रत्यक्ष लिहायचं कसं?

सहाशे ते आठशे शब्द पुरतात. सुरुवातीला वाहिनी, वेळ, तुम्ही बघितलेले भाग. कथा चार वाक्यांत, आणि ज्या वळणावर प्रेक्षकाला धक्का बसायला हवा ते वळण आधीच फोडायचं नाही. फोडणं भागच असेल तर तसा इशारा आधी द्या. मग मालिका काय करू पाहतेय ते एका वाक्यात. हे वाक्य जमलं नाही तर अजून दोन भाग बघा. हसवायला निघालेल्या मालिकेला 'खोली नाही' म्हणणं म्हणजे सोलकढीत मासे शोधणं. त्यानंतर दोन किंवा तीनच मुद्दे, दाखल्यासह. सगळं सांगायला गेलात की यादी होते.

वरचा ओटीवरचा प्रसंग घेतला तर 'पार्श्वसंगीत भडक आहे' असं लिहिता येईल. पण 'धाकट्या भावाने हिस्सा मागण्याच्या सोळा सेकंद आधीच संगीत त्याला खलनायक ठरवतं, त्यामुळे वाटणीच्या प्रश्नाला दोन बाजू आहेत हे प्रेक्षकाला कळतच नाही' हे वाक्य निर्मात्यालाही खोडता येणार नाही, आणि वाचकाला पुढच्या भागात कान कुठे लावायचा ते कळेल. 'रटाळ', 'भिकार', 'अप्रतिम', 'लाजवाब' हे शब्द मसुद्यात आले तर खोडून तिथे काय दिसलं ते लिहा. तारे किंवा गुण द्यायचेच असतील तर कशाला किती ते आधी ठरवा आणि सगळ्या मालिकांना तेच माप लावा.

आक्षेप खरंच गंभीर असेल तर तक्रार कुठे करायची?

समीक्षा आणि तक्रार वेगळ्या ठेवा. तक्रार आधी वाहिनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे; त्याचा पत्ता वाहिनीच्या संकेतस्थळावर असतो. २०२१ च्या सुधारित केबल नियमांप्रमाणे पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत मिळायला हवा. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत वाहिन्यांच्या स्वयंनियमन संस्थेकडे दाद मागता येते. मनोरंजन वाहिन्यांसाठी असं मंडळ, बीसीसीसी, २०११ पासून आहे. अर्जात मालिका, वाहिनी, तारीख, वेळ, दृश्याचं वर्णन आणि नेमका आक्षेप लिहा. 'आमच्या भावना दुखावल्या' एवढ्यावर अर्ज अडकतो.

छापून आल्यावर चूक लक्षात आली तर?

दुरुस्ती त्याच जागी, तारखेसह, चूक काय होती ते सांगून. गुपचूप वाक्य बदलू नका. मत बदललं असेल तर जुनं तसंच ठेवून खाली नवं लिहा. रोजच्या मालिकेत तीन महिन्यांनी मत बदलणं स्वाभाविक आहे. मालिकाच बदललेली असते.

घरात टीव्ही एकच, आणि बघणारे पाच. शांतपणे बघायचं कसं?

पहिलं बघणं त्या पाचांबरोबरच करा. आजी कुठल्या वाक्याला 'गो बाय माझ्या' म्हणाली, मुलाने कधी मोबाइल उचलला, कोण उठून पेज बघायला गेलं, हे चौथ्या रकान्याच्या खाली वेगळं टिपा. मात्र जाहिरातीत झालेली चर्चा तुमचं मत म्हणून लिहू नका. वीज गेली तर राहिलेला भाग ॲपवर बघा. शेजाऱ्याने सांगितलेला शेवट ग्राह्य धरू नका. तो बहुधा स्वतःचा थोडा मसाला घालून सांगतो.